रफीकभाईची डुलकी

हे मी कमललासुद्धा सांगितलेलं नाही. कमल म्हणजे माझी बायको. तिच्यापासून मी साधी विडी कधी लपवली नाही, पण हे लपवलं. पोरांना सांगितलं नाही, ढाब्यावर बाटली फुटल्यावर सोबतच्या ड्रायव्हरांना सांगितलं नाही. देवळात हात जोडून उभा राहायचो तेव्हासुद्धा मनात दुसरंच काहीतरी बोलत राहायचो — देवालाही कळू नये म्हणून? काय की. आता तुम्हाला इथं लिहून सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळं बरं पडतंय.

सरळ सांगावं तर सरळ येत नाही. जरा वळसा पडेल. चालवून घ्या.

मी भानुदास. उभा जन्म ट्रक चालवला. गाव वैजापूर तालुक्यातलं. आटलेल्या तळ्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली त्या सुमाराला गाव सोडलं आणि बजाजनगरला एका खोलीत येऊन पडलो. वाळूजच्या कारखान्यांतला माल दूरदूर जायचा, आणि ड्रायव्हर कमी पडायचे. एका शेठची दहाचाकी गाडी मिळाली. गाडी एक, आम्ही दोघं — एक खेप माझी, एक खेप रफीकभाईची. खाली चेन्नई, वर दिल्लीच्या पलीकडं. मी आलो की तो जायचा, तो आला की मी. घरी बायको म्हणायची, माझ्यापेक्षा ते स्टेअरिंगच बरं, ते तरी तुमच्या हातात असतं.

गाडी जुनी होती. चाकांवरच्या स्प्रिंग-पाट्याचं एखादं पान मोडलेलंच असायचं. स्टार्टर कधी दगा देईल सांगता यायचं नाही, म्हणून आम्ही ती कायम उतार बघून उभी करायचो. पावसाळ्यात वायपर हातानं फिरवायचो — पण त्या वर्षांत पावसाळा होताच कुठं? रेडिएटर गळका, आणि ढाब्यावर पाणी मागायची चोरी. पूर्वी ढाबेवाला स्वतः बादली आणून द्यायचा. दुष्काळ लागोपाठ पडायला लागले तसा तोच माणूस मान वळवायला लागला. जेवण करा, मग एक डबा देतो, म्हणायचा. मी बऱ्याचदा प्यायचं पाणी रेडिएटरमधे ओतलंय आणि पुढचा पल्ला कोरड्या तोंडानं मारलाय. आणि इकडं शहर तर वाढतच चाललेलं. चिकलठाण्याकडं रानच्या रानं सपाट होऊन सात-सात मजली सांगाडे उभे राहत होते, त्यांच्या सिमेंटवर पाइपानं पाणी मारलेलं दिसायचं, आणि आमच्या गल्लीत बाया टँकरच्या पाइपासाठी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. असो. दुष्काळ काही मी पाडला नव्हता. मी केलं ते वेगळंच.

रफीकभाई माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठा. अंगानं किडकिडीत, दाढी नीट कातरलेली, डोक्याला कायम हिरवट रुमाल. शहरातल्या पैठणगेटाकडचा. बोलणं निम्मं मराठी, निम्मं दख्खनी. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसे — स्टेअरिंगवर त्याचा डोळा कधी लागला नव्हता. झोप आली की गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचं, हवा बघायला चाकांना हातोडी मारत एक चक्कर घालायची. तरी नाही गेली तर गाडीखाली चटई टाकून बिनधास्त झोपायचं. शेठचा फोन वाजत राहू दे. "मालिकला माल उशिरा मिळंल," म्हणायचा, "पर मिळंल." त्याच्यामुळं शेठ वैतागायचा, आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त भरवसा ठेवायचा.

आमची घरं एकमेकांत मिसळलेली होती. ईदला शीरखुर्मा आमच्याकडं यायचा, दिवाळीचा फराळ तिकडं जायचा. माझी आई गेली तेव्हा मी हैदराबादच्या पुढं अडकलो होतो. गावी जाऊन सगळी धावपळ त्यानं केली. मी पोचलो तेव्हा तो उन्हात उभा राहून लोकांना पाणी वाटत होता. हे मी का सांगतोय? माणूस कसा होता ते कळावं म्हणून. आणि मी कसा, तेही.

उन्हाळ्याचे दिवस. मी चेन्नईहून येत होतो. सोलापूरच्या अलीकडं ब्रेक दाबला की मागच्या एका चाकाशी फुस्स करून हवा सुटायला लागली. आमच्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. त्या चाकाच्या ब्रेकमधलं रबर फाटलं होतं. ते तसंच ठेवलं तर सगळी हवा तिथूनच जाणार आणि एकही चाक थांबणार नाही. जवळ नवं रबर नव्हतं. मग मी तेच केलं जे रस्त्यावर सगळेच करतात — त्या चाकाकडं जाणारा हवेचा पाइप सोडवला, त्यात बोल्ट ठोकला, वरून ट्यूबची पट्टी गुंडाळून तार आवळली. डमी मारणं म्हणतात याला. बाकीची चाकं थांबतात, ते एक थांबत नाही. सपाटीला कळतसुद्धा नाही. पण भरल्या गाडीनं घाट उतरायचा म्हटलं की एका चाकाचं ओझं बाकीच्यांवर येतं, ती तापतात, आणि तापली की ब्रेक नुसता दबतो, धरत नाही. म्हणून डमी मारून घर गाठायचं आणि पोचल्या पोचल्या मिस्त्रीकडं जायचं. आणि पुढच्या माणसाला सांगायचं. हे शिकवावं लागत नाही. पहिल्या वर्षीच कळतं.

सकाळी वाळूजला पोचलो. माल उतरला. शेठनं लगेच दुसरा भरायला लावला — लोखंडी कास्टिंग, दिल्लीकडं जाणारं. रफीकभाई डबा, चटई घेऊन तयारच होता. क्लीनर कुणाच्यातरी लग्नाला गावी गेलेला, म्हणजे तो एकटाच निघणार होता.

त्यानं विचारलं, "भानू, गाडी कैसी?"

मी म्हणालो, "वोक्के."

एवढंच. हा एकच शब्द.

का म्हणालो? आमच्यात एक रीत होती — गाडी ज्याच्या हातात बिघडली त्यानंच ती मिस्त्रीकडं नीट करून द्यायची. मी डमीचं बोललो असतो तर रफीकभाईनं चावी घेतलीच नसती, आणि मला तसंच मिस्त्रीच्या दारात बसावं लागलं असतं, दुपार होईस्तोवर, कदाचित संध्याकाळपर्यंत. मला घरी जायचं होतं. आंघोळ करायची होती, झोपायचं होतं. अंगावर किती दिवसांचा घाम वाळला होता, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. मला वाटलं — धुळ्याला थांबेल, पुढं कुठं फोन लागला की सांगू, एका चाकानं काय होतंय. असं वाटलं का खरंच? की नंतर मी ते वाटवून घेतलं? आता सांगता येत नाही. कन्नडचा घाट धुळ्याच्या आधीच लागतो हे मला माहीत होतं. त्या रस्त्यानं मी कित्येकदा गेलो होतो.

घरी गेलो. कमलनं टँकरचं पाणी साठवून ठेवलं होतं, त्यातली अर्धी बादली मला दिली. आंघोळ केली, जेवलो आणि पंख्याखाली आडवा झालो. दुपारी रफीकभाई घाट उतरत होता तेव्हा झोपलेला मी होतो.

तिसऱ्या की चौथ्या वळणाला ब्रेकनं धरणं सोडलं. खालून प्रवाशांची बस येत होती. त्यानं गाडी दरीकडं जाऊ दिली नाही, बसवरही जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घासत घासत नेऊन दगडात घातली. बसमधल्या एकालाही खरचटलं नाही. केबिन आत दबली. त्याचा डावा पाय क्लच आणि पत्र्याच्या मधे सापडला. गुडघ्याच्या खाली काढावा लागला.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती गोष्ट. नाही. हे मला कधीतरी कुणाला सांगता आलं असतं. ड्रायव्हरकडून असं होतं. रडून, पाया पडून सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठनं मला घाटाखाली पाठवलं. पोलीस चौकीच्या मागं गाडी ओढून आणली होती. ताडपत्री, जॅक, पान्हे आणि रफीकभाईची चटई घेऊन ये, म्हणाला. मी गेलो. तिथल्या शिपायाला चहा पाजला. मग सामान काढायच्या निमित्तानं गाडीखाली सरकलो. तार तशीच होती. मी ती सोडली, पट्टी काढली, पाइपातला बोल्ट काढून खिशात टाकला आणि पाइप होता तिथं परत जोडला. मला तेच आठवतं — अगदी रोजचं काम करावं तसे हात चालत होते. येताना पिशोरच्या फाट्याजवळ एक कोरडी विहीर आहे, तिच्यात बोल्ट टाकला. पाण्याचा आवाज आला नाही, नुसता दगडावर टणकन वाजला.

पुढं तपासणीला आरटीओचे साहेब आले. हवेच्या टाक्या चेपलेल्या, इंजिन बंद. ब्रेक दाबून बघायची सोयच नव्हती. त्यांनी वाकून बघितलं, पाइप जागेवर दिसले. शेठनं माझ्याकडं वळून विचारलं, तू आणली तेव्हा गाडी बरोबर होती ना? मी म्हणालो, बरोबर होती.

अजून ते आलं नाही. जे सांगायचं ते अजून पुढंच आहे. बघा, किती वेळ फिरतोय मी त्याच्याभोवती.

सरकारी दवाखान्यात चौथ्या-पाचव्या दिवशी तो नीट बोलायला लागला. मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्याची बायको, शमीमभाभी, औषधं आणायला खाली गेली होती. तो छताकडं बघत म्हणाला, "दाबला रे मी ब्रेक. पूरा दाबला. गाडी ऐकलीच नाय."

मला कळलं की हा हेच पोलिसांना सांगणार. हेच शेठला सांगणार. मग कुणीतरी गाडीखाली परत नीट जाईल. फाटलेलं रबर तर अजून तिथंच होतं.

मी म्हणालो, "रफीकभाई, डुलकी तर नाय लागली तुला?"

तो माझ्याकडं बघायला लागला. रागावला नाही. समजलंच नाही त्याला. "मला?" म्हणाला.

"दुपारची वेळ. जेवून निघाला होता. लू चालली होती. माणसाला कळत नाय डुलकी लागलेली. दचकून उठल्यावर ब्रेक मारला आसंल, तवर उशीर झाला आसंल."

"नाय," तो म्हणाला. "डोळे उघडे होते माझे."

"डुलकीत उघडेच राहतात कधी कधी."

तो परत छताकडं बघायला लागला. मग अगदी हळू विचारलं, "तेरेकू ऐसा लगता?"

तो मला विचारत होता. मला — कारण ती गाडी माझ्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. मी गाडी वोक्के म्हणालो होतो म्हणजे गाडी वोक्केच असणार. मग उरलं काय? तोच उरला. त्याच्या डोक्यात हे सगळं जुळत जाताना मी बघत होतो, समोर बसून, त्याच्या उशाशी. एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं.

मी म्हणालो, "व्हय. मला तसंच वाटतं."

हे ते. बोल्ट नाही, डमी नाही. हे.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं — मला झोप लागली. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. लिहिणाऱ्यानं परत विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. शेठची त्यानं हात जोडून माफी मागितली. शेठनं नंतर माझ्याजवळ म्हटलं, याच्याकडून अशी अपेक्षा नव्हती. मी मान हलवली. ती गाडी भंगारात गेली. फाटलेलं रबरही तिच्याबरोबर गेलं.

मला दुसरी गाडी मिळाली. मी चालवत राहिलो. पुढं किती घाट उतरलो, पोरांची शिक्षणं केली, खोलीच्या जागी दोन खोल्या झाल्या, मग वर मजला. रफीकभाईनं वाळूजच्या ट्रक अड्ड्यावर ताडपत्र्या शिवायचं काम धरलं. एक पाय लाकडी, पण ते मशीन हातानं फिरवायचं होतं. जो ड्रायव्हर ताडपत्री घेऊन यायचा त्याला तो सांगायचा — झोप आली की थांब बेटा, मालिकचं ऐकू नको, माझ्याकडं बघ, मला वाटायचं मला कधी लागणार नाय. अगदी शांतपणे सांगायचा. पोरं ऐकून घ्यायची. एकदा एका ड्रायव्हरनं त्याच्यासमोर मला सांगितलं की चाच्यांमुळं मी जिवंत आहे. मग मी कधीकधी स्वतःला म्हणायचो, बघ, त्यातून काही चांगलंच झालं की. म्हणायचो. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण म्हणायचो.

मी दर खेपेनंतर त्याच्याकडं जायचो. फळं न्यायचो. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. शमीमभाभी माझ्या पोरांच्या नावानं दुआ करायची.

मग त्याच्या पोरीला बाळ झालं, नसरीनला. पहिला नातू. आम्ही दोघं नवराबायको बघायला गेलो. खोलीत माणसंच माणसं, बाळ या हातातून त्या हातात चाललेलं. नसरीन बाळ घेऊन बापाजवळ आली, त्याच्या मांडीवर ठेवायला वाकली. त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

"नक्को बेटा," म्हणाला. "खाली ठेव, चटईवर ठेव. मी बसतो बाजूला."

"अब्बा, घ्या ना."

"नक्को. मेरेकू झोप लागती, समजतंच नाय. हातातून पडलं तर?"

सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. खोलीत लख्ख उजेड होता. तो टक्क जागा होता, डोळे ओले, बाळाकडं बघत होता. नसरीन तशीच उभी राहिली. मग तिनं ते बाळ माझ्या मांडीवर दिलं.

मी घेतलं. मी त्याला धरून बसलो. सगळ्यांनी कौतुक केलं — भानूचाचाजवळ कसं शांत झालं. रफीकभाई बाजूला बसून बाळाच्या पायाला नुसतं बोट लावत होता. भाभीनं नंतर कमलला सांगितलं की ते घरातसुद्धा असंच करतात. गॅसवर दूध ठेवलं की तिथून उठत नाहीत, आणि तरी तिला हाक मारून बोलावतात, तू पण बघ म्हणतात. रिक्षात बसले की दांडा घट्ट धरतात. स्वतःच्या डोळ्यांवर त्या माणसाचा विश्वास उरला नव्हता.

त्या दिवशी सांगितलं असतं तर? बाळ होतं, आनंद होता, माफ करून टाकलं असतं त्यानं. कदाचित म्हणूनच नाही सांगितलं. नको, हे पण नको. नाही सांगितलं, एवढंच खरं.

अजून एकदा वेळ आली. गेल्या उन्हाळ्याआधी. साखरेनं त्याचं अंग पोखरलं होतं, तो अंथरुणाला खिळला होता. मी जवळ बसलो होतो, संत्रं सोलत होतो. तो म्हणाला, "भानू, एक पूछू?"

"विचार."

"कधी कधी मला वाटतं, मी जागा होतो."

मी संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत राहिलो.

"ह्यो पाय," त्यानं उरलेल्या उजव्या पायावर हात ठेवला, "ह्याला याद आहे. ब्रेक दाबलेला याद आहे याला. झोपेतला माणूस वळणाच्या आधीपासून ब्रेक दाबंल का रे?"

इतकी वर्षं तो पाय त्याला खरं सांगत होता, आणि मी सांगितलेलं खोटं त्यावर मात करत होतं. तो माझ्याकडं बघत होता. दवाखान्यात बघितलं होतं तसंच. मला विचारत होता.

मी म्हणालो, "सोड ना आता, रफीकभाई. किती जुनी गोष्ट."

"हौ," तो म्हणाला. "खरं आहे." आणि संत्र्याची फोड घेतली.

तो गेला तेव्हा कब्रस्तानात मी होतो. सगळ्यांनी माती दिली तशी मीही दिली. बाहेर पडताना अड्ड्यावरचे जुने ड्रायव्हर बोलत होते — चांगला माणूस, एका डुलकीनं आयुष्य गेलं. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चालत जालना रोडपर्यंत आलो. पुलाचं काम चाललेलं, ट्रकांची रांग लागलेली. एकाच्या मागच्या चाकाशी हवा सुटल्याचा आवाज येत होता. मी रिक्षा केली आणि घरी आलो. कमलनं अंगावर पाणी घ्यायला सांगितलं, ते घेतलं.

मला कुणाकडून काही नको आहे. नसरीनचा मुलगा आता शाळेत जातो, त्याला शिकवलंय की नाना झोपले म्हणून पाय गेला. म्हणून एकदा लिहून ठेवतो. कन्नडच्या घाटात, भर दुपारी, रफीकभाई झोपला नव्हता. तो पूर्ण जागा होता आणि त्याचा पाय ब्रेकवर होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.